खड्ड्यात उतरून बघायचा पुतळा

आर्या आणि निनाद,

तुमच्या शाळेच्या कसल्याशा कागदावर 'आजीचा व्यवसाय' असा रकाना होता आणि तुमच्या आईने तिथे 'ऑफिस असिस्टंट' लिहून टाकलं, असं तिनेच मला फोनवर सांगितलं. खोटं काही नाही त्यात. पण मी चौदा वर्षं जिथे नोकरी केली, तिथे ऑफिस म्हणजे एक टेबल, एक टाइपरायटर आणि पत्र्याचं एक कपाट होतं, आणि टेबलापासून वीस पावलांवर भट्टीत ब्राँझ वितळत असे. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, म्हणून संपादक दोन वर्षं मागे लागले आहेत. तेव्हा हे तुम्हालाच लिहिते. आई वाचून दाखवेल. अंकाच्या वाचकांनी शेजारी बसून ऐकावं.

मी एका शिल्पकाराचा पत्रव्यवहार सांभाळत होते. त्यांना सगळं कोल्हापूर 'अण्णा' म्हणे. सीमेकडच्या गावातून लहानपणी इथे आलेले, घरात अर्धं कानडी बोलणारे, चार बुकंही न शिकलेले. पण त्यांनी केलेले पुतळे आपल्या शहरात आणि शहराबाहेर कितीतरी चौकांत उभे आहेत. ऑर्डरी लांबून येऊ लागल्या, तशी इंग्रजी पत्रांची अडचण झाली. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तुमची आई तेव्हा बारावीला. कुणाच्या तरी ओळखीने गेले. अण्णांनी विचारलं, "इंग्रजी लिवता येतं न्हवं?" मी हो म्हटलं. "मग बसा, अक्का. मराठीत भांडायला मी हाय."

माझी मुलाखत एवढीच. त्यांच्याहून मी बारा वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून 'अक्का' झाले ती कायमची.

पुतळा कसा होतो ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर मातीचं काम. पुतळा घडतो तो इथेच. पुढचं सगळं त्याची नक्कल. मातीवरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यातून मेणाचा पुतळा, आणि मेण वितळून जी पोकळी उरते तिच्यात ब्राँझ ओतायचं. माती वाळली की तडकते, म्हणून गिऱ्हाईक पसंती देईपर्यंत तिच्यावर ओली पोती टाकून ठेवावी लागतात. कधी महिना, कधी सहा महिने. सकाळी आल्यावर टपाल उघडण्याआधी मी पोत्यांना हात लावून ओल बघत असे. हे माझं काम नव्हतं, पण मला नीटनेटकेपणाचा रोग आहे, हे तुमची आई सांगेलच.

पसंतीसाठी लोक यायचे त्याला आम्ही 'पाहणी' म्हणायचो. पाहणीत माणसांचे एकेक नमुने भेटत. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले वडिलांचा अर्धपुतळा बघायला आईला घेऊन आले. म्हातारीने मातीतल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एवढं शांत ते एकदाच दिसलं. गेल्यावर." अण्णांनी मान डोलावली, म्हातारीला चहा पाजला आणि त्याच दिवशी भुवया मोडून पुन्हा केल्या.

आता खड्ड्याचं सांगते. ओतकामासाठी शेडच्या मधोमध दीड पुरुष खोल खड्डा होता. धातू ओतताना साचा फुटू नये म्हणून तो या खड्ड्यात मातीने दाबून गाडत. एरवी खड्डा रिकामा असे, आणि अण्णांनी त्याचा दुसराच उपयोग काढला होता. चौकातला पुतळा उंच चौथऱ्यावर जातो. खालून बघणाऱ्याला त्याचे पाय मोठे आणि डोकं लहान दिसतं, जसं उंच इमारतीच्या वरच्या खिडक्या लहान दिसतात तसं. म्हणून जाणता शिल्पकार डोकं मापापेक्षा थोडं मोठं करतो, मान थोडी पुढे काढतो, नजर खाली सोडतो. शेजारी उभं राहून पाहिलं तर असा पुतळा विचित्रच दिसणार. त्यासाठी अण्णा मातीचा पुतळा खड्ड्याच्या काठाशी मांडणीवर उभा करायचे आणि पाहुण्यांना शिडीने खड्ड्यात उतरवायचे. मंत्री असो की कारखानदार, "पावणं, खड्ड्यात उतरा," हे सगळ्यांना सारखंच. माझ्या आधीही हे चालत होतं. मला ते पहिल्यांदा वेडेपणाचं वाटलं. मग एकदा मीही उतरले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका पेठेतले लोक आले. त्यांना त्यांच्या नर्सबाईंचा पुतळा हवा होता. या बाई दवाखान्यातली नोकरी सांभाळून पेठेत घरोघरी बाळंतपणं करायच्या. हातात कातडी पिशवी, पायी चालत. त्यांच्या हातावर जन्मलेली मुलं आता दुकानदार, वकील, व्यापारी झाली होती आणि त्यांनीच समिती काढली होती. अध्यक्ष होते बापूसाहेब, गुळाचे व्यापारी, धोतर-टोपीतले. पुतळा मोठ्या लोकांचा असतो, नर्सचा कशाला, असं त्यांना खूप जणांनी ऐकवलं होतं. ते म्हणत, "मोठ्या लोकांस्नी तरी बाहेर कुणी काढलं?"

अण्णांनी हे काम जीव लावून केलं. पाहणीला समितीचे पाच जण आले आणि आधी मातीच्या पुतळ्याशेजारीच जाऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, "अण्णा, डोकं भोपळ्यागत झालंय की."

"तितनं न्हाय. खड्ड्यात उतरा."

बापूसाहेब धोतर सावरत शिडीवरून उतरले, मागोमाग बाकीचे. खड्ड्यात पाच टोप्या दिसत होत्या. मग त्या टोप्या मागे कलल्या. थोड्या वेळाने खालून बापूसाहेबांचा आवाज आला, "आयला, माझ्याकडं बघतीया की."

दुसरा म्हणाला, "मला न्हाय बघत."

वरून अण्णा म्हणाले, "तू झालास तवा ती रजेवर असंल."

पाचही जण हसत, गुडघ्यांना काळी माती लावून घेत वर आले. बापूसाहेबांचे डोळे मात्र ओले होते. ते फक्त "पास" म्हणाले.

हात धुता धुता अण्णांनी मला सांगितलं, "अक्का, चौथरा नऊ फूट. लिवून ठेवा." बापूसाहेब शेजारीच होते. "नऊ म्हंजे नऊ. माझ्या ध्यानात हाय," म्हणाले. मी माझ्या वहीत लिहिलं: नर्सबाई, चौथरा नऊ फूट.

करारात मात्र लिहिलं नाही.

का नाही, ते सांगते. चौथरा बांधण्याचं काम समितीचं होतं, आमचं नव्हतं. करारात आपल्याकडचं तेवढंच लिहावं, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, असा माझा नियम होता आणि त्या नियमाचा मला अभिमान होता. पुतळ्याची उंची, धातू, जाडी, मुदत, शिल्पकाराच्या लेखी संमतीशिवाय पुतळ्यात बदल करायचा नाही, हे सगळं मी बिनचूक टाइप केलं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक होतं. जे जे खड्ड्यात उतरले होते त्या सगळ्यांना नऊ फूट माहीत होतं. इतकी माहीत असलेली गोष्ट कागदावर घालायची असते, हे मला सुचलंच नाही.

चौथरा नऊ फुटांचाच झाला, काळ्या दगडाचा. चौकात भाजी घेताना मान वर केली की नर्सबाई थेट तुमच्याकडे बघत. रागावून नाही, पण तुम्ही नीट वागताय ना, असं विचारल्यासारखं. तिथल्या स्टँडवरचे रिक्षावाले म्हणायचे, बाईंच्या समोर जादा भाडं सांगायला जीभ रेटत न्हाय.

पुढच्या दहा-बारा वर्षांत शहर ओळखू येईनासं झालं. वखारी गेल्या, तिथे फ्लॅट आले. सायकलींच्या जागी मोटारसायकली आल्या. त्या चौकात सिग्नल बसला, रस्ता रुंद करायचं ठरलं आणि नर्सबाई बरोबर वळणात आल्या. त्यांना कोपऱ्यावरच्या नव्या बागेत हलवायचं ठरलं, तेही समितीच्या खर्चाने आणि समितीच्या देखरेखीखाली. तोवर बापूसाहेब गेले होते. खड्ड्यात उतरलेले बाकीचे कुणी वारले होते, कुणी मुलांकडे पुण्याला. बापूसाहेबांचा मुलगा संग्राम अध्यक्ष झाला होता. मुलगा चांगला होता, हे आधीच सांगते. जयंतीला हार घालताना शिडीवरून घसरून एकाचा हात मोडला होता, म्हणून त्याने नवा चौथरा मुद्दाम चार फुटांचा केला. चकचकीत ग्रॅनाइट, भोवती हिरवळ, पुढे कठडा, दिवे. आम्हाला विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हे त्याला कुठल्याच कागदाने सांगितलं नव्हतं.

अण्णांचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. काम बहुतेक थांबलं होतं, मीही आठवड्यातून दोनच दिवस जात होते. बागेच्या उद्घाटनाला अण्णा तापाने पडून होते, मी एकटीच गेले. पडदा सरकला आणि मला पहिल्याच नजरेत कळलं. डोकं मोठं, मान पुढे आलेली, नजर कठड्याच्या अलीकडच्या हिरवळीत. कॉलेजच्या दोन मुली कुजबुजल्या, "काहीतरी हरवलंय वाटतं त्यांचं." बाहेर रिक्षात बसले तर रिक्षावाला म्हणाला, "नर्सबाईंना मानेचा त्रास चालू झाला का ओ?"

महिनाभराने समितीचं पत्र आलं. पुतळ्याचं लोक हसं करतात, तेव्हा मस्तक कापून त्या जागी दुसऱ्या कारागिराकडून सरळ मानेचं, योग्य मापाचं मस्तक बसवायचं ठरवलं आहे. कराराप्रमाणे शिल्पकाराची संमती लागते, ती द्यावी. मीच घातलेलं कलम होतं ते.

पत्र मी दोन दिवस कपाटात ठेवलं. चौदा वर्षांत आलेलं टपाल मी त्याच दिवशी नोंदवलं नाही असं ते एकच. तिसऱ्या दिवशी अण्णांना वाचून दाखवलं.

"डोकं कापणार?"

"हो."

"कशापायी? काय झालं डोक्याला?"

"चौथरा चार फुटांचा बांधलाय."

अण्णांनी मान वर केली. "चार?" मग हळूच म्हणाले, "तुम्ही लिवलं न्हवतं व्हय?"

"वहीत लिहिलं होतं. करारात नाही."

जन्मभर ते सगळ्यांवर ओरडले. ओतकामवाल्यांवर, मंत्र्यांवर, माझ्यावरही. त्या दिवशी ओरडले नाहीत. पोत्यावर जाऊन बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही समितीला बागेतच भेटायला बोलावलं. सहा जण आले. संग्रामने वाकून अण्णांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही एवढं मोठं आर्टिस्ट. एखाद्या कामात हात चुकतोय, त्यात काय एवढं? आम्ही नीट करून घेतो की. तुमचं नाव तसंच ऱ्हाईल खाली."

मला ते नाव तसंच राहण्याचं वाक्य सहन झालं नाही. मी उभी राहिले. "हात चुकलेला नाही. चूक माझी आहे," म्हटलं, आणि नऊ फुटांचं सगळं सांगितलं. वही दाखवली.

एक वकील सदस्य होते. त्यांनी वही चाळली आणि सभ्यपणे विचारलं, "मॅडम, वही तुमची, अक्षर तुमचं. हे तेव्हा लिहिलं की परवा, कसं ठरवायचं?"

प्रश्न बरोबर होता. त्यांच्या जागी मीही तोच विचारला असता.

चौथरा उंच करता येईल का, याचीही चर्चा झाली. पण चौथऱ्याच्या बरोबर खालून पाण्याची मोठी लाइन गेली होती, आणखी वजन चालणार नाही असं इंजिनिअरने लिहून दिलं होतं. म्हणजे दोनच वाटा उरल्या. एक तर डोकं कापायचं, नाहीतर लोकांचं हसणं तसंच चालू ठेवायचं. वकिलांनी संमतीचा कागद पुढे केला. मी अण्णांकडे बघायचं टाळलं.

अण्णा म्हणाले, "संग्राम, खाली बस."

"आं?"

"बस की. हितं, हिरवळीवर. हां. मागं सर. अजून थोडं. आता कोपरावर रेल."

संग्रामने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, आणि हिरवळीला नुकतंच पाणी दिलेलं. पण वडिलांच्या वयाचा माणूस सांगतोय म्हटल्यावर तो रेलला.

"आता बघ वर."

सिग्नल सुटला, गाड्या गेल्या, पुन्हा सिग्नल पडला. संग्राम वरच बघत होता. मग म्हणाला, "आयला."

लगेच त्याने माझ्याकडे बघून जीभ चावली. "सॉरी मॅडम. पण... माझ्याकडं बघतीया की ती."

मी त्याला सांगितलं, "तुमच्या वडिलांनी हेच म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत. ते धोतर सावरत शिडीवरून खड्ड्यात उतरले होते."

एकेक करत बाकीचेही बसले. वकील सर्वांत शेवटी, रुमाल पसरून. बागेत सहा मोठी माणसं कोपरावर रेलून आभाळाकडे तोंड करून पडलेली बघून बाहेरच्या थांब्यावरून एकाने ओरडून विचारलं, "काय झालं ओ? विषबाधा काय?"

अण्णांनी काठीने जमिनीवर टोचलं. "ती वर जात न्हाय, तर तुम्ही खाली उतरा. कठड्यापुढं तीन फूट खणा, पायऱ्या करा. बगणाऱ्यानं खड्ड्यातनं बगायचं. नऊ फुटाचं समदं सुख न्हाय मिळायचं, पण तोंड तोंडासारखं दिसंल." मग वकिलांकडे वळून म्हणाले, "वही खोटी असंल. खड्डा तर खोटं बोलत न्हाय न्हवं?"

वकिलांनी संमतीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

परत रिक्षाने आलो. शेडच्या दारात उतरल्यावर अण्णा म्हणाले, "अक्का, समद्यांस्नी म्हाईत असतंय न्हवं, त्येच आधी लिवायचं." त्यानंतर तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मला क्षमा केली की नाही, ते मी विचारलं नाही. पण खोदकामाचा नवा कागद त्यांनी मलाच करायला लावला. त्यात मी लांबी, रुंदी, खोली, पायऱ्या, चौथऱ्याची उंची, सगळं घातलं. आपलं आणि दुसऱ्याचंही. तेव्हाच माझ्या लक्षात आलं आणि मी विचारलं, "अण्णा, पावसाचं पाणी कुठे जाणार?" त्याचा विचार कुणीच केला नव्हता. म्हणून तळाला एक जाळी आणि तिथून गटारापर्यंत नळ, हेही कागदावर आलं.

त्या जाळीने मला पुढे कामाला लावलं. बागेतल्या झाडांची पानं जाळीवर बसतात, पाणी तुंबतं, लोक खाली उतरत नाहीत. काठावरून बघतात आणि पुन्हा डोक्यावरून विनोद करतात. अण्णा गेल्यानंतरही दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी जाळी साफ करण्याविषयी मी महापालिकेच्या बाग खात्यातल्या साहेबांना पत्र देत आले. कधी काम होतं, कधी नाही.

यंदाही दिलं. जुलैत चार दिवस झड लागली तेव्हा राहवेना, म्हणून गुडघ्याला पट्टा बांधून रिक्षाने गेले. खड्ड्यात पोटरीभर पाणी होतं आणि पदर खोचून एक सफाईवाली बाई त्यात उभी होती. वाकून हाताने जाळीवरची पानं उपसत होती. मला आधी बरं वाटलं, की पत्राचा उपयोग झाला.

मी वरून विचारलं, "तुम्हाला साहेबांनी पाठवलं का?"

"कोण सायेब?" ती वर न बघता म्हणाली. "माझी हद्द रस्त्यापातूर. बागंचा माणूस रजेवर हाय."

"मग तुम्ही कशाला उतरलात?"

ती कंबर धरून सरळ झाली आणि हनुवटीने वर पुतळ्याकडे दाखवलं. "काल तिकडनं झाडत जाताना पायरीवर टेकले वाईच. वर बगितलं तर ही बगतीया माझ्याकडं. मग कसं जावं म्हातारे, तूच सांग."

मी पायऱ्या उतरून दुसऱ्या पायरीवर थांबले. त्याखाली पाणी होतं. तिथून मी माझी छत्री तिच्या डोक्यावर धरली. सगळं पाणी उतरायला पाऊण तास लागला.